बालसंरक्षणाच्या कामात टिकायचं कसं? (आणि टिकायलाच हवं का?)

आडवाट

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं बालसंरक्षणात आहे. आधी गृहभेटी, चौकशा, न्यायालयाच्या फेऱ्या केल्या. आता एक टीम सांभाळते. या क्षेत्रातले बरेच जण इथे वाचनमात्र असतात हे ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम धागा काढला.

माझी अडचण अशी. माणूस कामात मुरतो, मुलं त्याच्याशी बोलायला लागतात, आणि नेमका तेव्हाच त्याचा राजीनामा येतो. जे राहतात त्यातले काही फार कोरडे होतात. परवा टीममधली एक मुलगी (कामाला वाघ!) मला नवी केस सांगत होती. लहान पोर, अंगावर वेगवेगळ्या दिवसांचे वळ. सांगता सांगता ती स्टेपलरमध्ये पिना भरत होती. आवाजात ना चढ ना उतार. केसपेक्षा मला त्या आवाजाचीच धास्ती वाटली.

वरून परिपत्रक आलंय : "स्वतःची काळजी घ्या". सोबत श्वसनाच्या व्यायामाचा व्हिडिओ. तो बघायला अजून कुणाला सवड झालेली नाही.

तर, जे टिकलात ते कशामुळे टिकलात? सोडलं असेल तर नेमकं कशामुळे? मुलांची ओळख पटेल असं कृपया काही लिहू नका.

निवांतराव

पहिला! :)

मी या क्षेत्रातला नाही, त्यामुळे चुकत असेन तर कान धरा. पण थकवा, कोरडेपणा, राजीनामे हे आमच्या ऑफिसातही आहेच की. बर्नआउट कुणाला नाही हल्ली? या कामात वेगळं काय आहे?

टाचणी

निवांतराव, तुमच्या ऑफिसात एखादी फाइल शुक्रवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्यावर ढकलली तर शनिवार-रविवारात तिला कुणी मारत नाही. एवढंच वेगळं आहे.

निवांतराव

कान धरले. गप्प बसून वाचतो.

गणित_कच्चं

मानसशास्त्र शिकवतो, अशा टीम्सना प्रशिक्षणही देतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

निवांतरावांचा प्रश्न अगदीच गैर नाही. 'बर्नआउट' ही कल्पना रुळवली हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी, १९७४ मध्ये. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात ध्येयाने काम करणारे तरुण स्वयंसेवक काही काळाने विझत जाताना त्यांनी पाहिले, आणि त्यात ते स्वतःही होते. पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये ते मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात तीन गोष्टी पाहतात : भावनिक दमणूक, समोरच्या माणसाकडे 'केस' म्हणून बघायला लागणं, आणि आपल्या हातून काहीच होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात (१ जानेवारी २०२२ पासून लागू) बर्नआउट आहे, पण आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था, अशी त्याची नोंद आहे. म्हणजे मूळ माणसात न शोधता कामाच्या ठिकाणी शोधायचं. आडवाटताईंच्या परिपत्रकवाल्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

आता वेगळेपण. दुसऱ्यावर झालेल्या अत्याचाराचे तपशील रोज ऐकून-वाचून ऐकणाऱ्यालाच लक्षणं सुरू होतात : नको त्या वेळी डोळ्यासमोर चित्रं येणं, झोप मोडणं, दचकणं. याला दुय्यम आघात म्हणतात. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची निदान-पुस्तिका), अत्याचाराचे तपशील कामाचा भाग म्हणून वारंवार समोर येणं हेसुद्धा आघाताच्या निकषात धरलंय, आणि उदाहरण म्हणून बालअत्याचाराचे तपशील हाताळणारे पोलीसच दिलेत.

हा फरक का सांगतोय? बर्नआउटवर उपाय म्हणजे कामाचा बोजा, अधिकार, सुट्टी यांची नीट मांडणी. दुय्यम आघाताला त्यातल्या जाणकार थेरपिस्टची गरज पडू शकते. आठ दिवस रजा दिली की डोळ्यासमोरचं चित्र जात नाही. उलट रिकाम्या वेळात ते जास्त येतं.

आणि त्या स्टेपलरवाल्या मुलीबद्दल : आवाजावरून निदान करू नका. विचारा.

सूर्यफूल

श्वसनाच्या व्यायामाची टर उडवू नका हो. मी रोज ध्यान करते. बालगृहात समुपदेशक आहे. ध्यानामुळे मला झोप लागते, चिडचिड कमी झाली. हे खोटं कसं म्हणू?

टाचणी

ताई, खोटं कोण म्हणतंय? जरूर करा. पण झेपतील त्याच्या दुप्पट केसेस द्यायच्या आणि वर श्वास घ्यायला शिकवायचं, यात शिकवणाऱ्याची सोय जास्त आहे. माणूस मोडला की "तुम्ही ध्यान केलं नाहीत" म्हणायला मोकळे.

सूर्यफूल

हे मात्र पटलं. आमच्याकडे ध्यानाचा वर्ग ठेवलाय, तोही ड्यूटी संपल्यावर. हजेरी सक्तीची. :(

रात्रपाळी

हेल्पलाइनवर आहे. आमचं दुखणं जरा वेगळं. एखादं मूल कुजबुजत बोलत असतं, मागे दार वाजतं, फोन कट. आपण नियमाप्रमाणे पुढे कळवतो. त्या मुलाचं पुढे काय झालं ते कधीच कळत नाही. पुढच्या मिनिटाला पुढचा फोन. वाईट ऐकण्याचा त्रास होतोच, पण हे अर्धवट राहणं फार कुरतडतं. घरी भांडी घासताना मी त्या गोष्टींचे शेवट रचत असते, आणि ते कधीच चांगले नसतात.

आमच्या नव्या पर्यवेक्षक बाईंनी एक साधी गोष्ट सुरू केली. ज्या केसेसमध्ये पुढच्या यंत्रणेकडून परवानगीने काही कळू शकतं, तिथे त्या स्वतः पाठपुरावा करतात आणि फोन घेणाऱ्याला एका ओळीत कळवतात. नाव नाही, गाव नाही. "अमुक तारखेचा फोन : मूल मावशीकडे आहे, शाळेत जातं." बस. सगळ्यांचं कळत नाही, आणि कधी बातमी वाईटही असते. तरी मला वाईट कळलेलं परवडतं.

खाकीतला

मी इंटरनेटवरच्या बाल लैंगिक शोषणाच्या तपासात होतो. जास्त लिहीत नाही. आमच्यात जे टिकले ते कणखर होते म्हणून टिकले नाहीत, पद्धत पाळत होते म्हणून टिकले. व्हिडिओ तपासताना आधी आवाज बंद. आवाज ऐकणं तपासाला गरजेचं असेल तर तो वेगळा, चित्राशिवाय. चित्र लहान खिडकीत, जमेल तिथे कृष्णधवल. समोर काय येणार याची कल्पना आधी घ्यायची, बेसावध बघायचं नाही. पाळीच्या शेवटच्या तासात हे काम नाही, कारण तेच घेऊन माणूस घरी जातो. आणि ते काम चालू असताना खोलीत एकटं कुणी बसायचं नाही.

सुरुवातीला जुने लोक हसायचे. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." तेव्हा काय होतं ते आम्ही त्यांच्या घरच्यांकडून ऐकलंय.

मधली_सुट्टी

शिक्षिका आहे. आमच्याकडे मूल पहिल्यांदा बोलतं, म्हणून विचारते. ही पथ्यं ऐकून सांगतानाही लागू आहेत का? स्टाफरूममध्ये कुणीतरी येऊन धाडकन सगळं सविस्तर सांगतं, आणि ऐकणाऱ्या चौघींचा दिवस जातो.

गणित_कच्चं

अगदी लागू आहेत. हलकं होण्यासाठी अंगावर काटा आणणारा तपशील लागत नाही. आधी विचारायचं, "एक जड गोष्ट आहे, आत्ता ऐकशील का?" आणि समोरची 'नको' म्हणाली तर राग धरायचा नाही. मग बाहेरून आत यायचं : मला काय झालं, मी कशात अडकले. मुलाला काय झालं याचा तपशील फक्त ज्याला निर्णयासाठी हवा त्यालाच. मुलाच्या गोपनीयतेलाही हेच बरं.

अवांतर : वाईट घटनेनंतर सगळ्यांना एका खोलीत बसवून एकदाच "मनातलं बोला" करायची सक्ती काही ठिकाणी असते. कोक्रेनच्या (वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणारी संस्था) २००२ च्या आढाव्यात अशा एकाच बैठकीच्या डिब्रीफिंगने पुढचा मानसिक आघात टळतो असं दिसलं नाही, उलट काही जणांना त्याने त्रास वाढल्याचे संकेत होते. सोबत हवी, पण बोलण्याची सक्ती नको.

हेडक्लार्क

मी खुर्चीच्या पलीकडच्या बाजूला आहे (रजा मंजूर करणारा, म्हणजे खलनायक). दोन शब्द आमच्या बाजूने.

बोजा जास्त आहे, मान्य. पण या क्षेत्रातली माणसं स्वतःही काम सोडत नाहीत. रजेवर असताना फोन चालू. मुलांना स्वतःचा खासगी नंबर दिलेला. "माझ्याशिवाय त्या पोराचं कोण आहे?" हे वाक्य ऐकलं की मी रजेचा अर्ज पुढे सरकवतो. कारण त्याचा पुढचा अंक मला पाठ आहे : आधी हौतात्म्य, मग सगळ्यांवर चिडचिड, मग एक दिवस मेडिकल सर्टिफिकेट.

टाचणी

हेडक्लार्कसाहेब, रजा देता, पण रजेवरून आल्यावर टेबलावर काय असतं? त्या दिवसांत माझ्या केसेस कुणाकडे वर्ग करत होतात? कुणाकडेच नाही. तुंबून राहायच्या. मग रजा ही शिक्षाच की.

हेडक्लार्क

लागलं, पण खरं आहे. बदली माणूस न देता मंजूर केलेली रजा कागदावरचीच. एक जागा रिकामी झाली की तिच्या केसेस उरलेल्यांत वाटल्या जातात, मग त्यातला पुढचा जातो. भरतीची फाइल माझ्या टेबलावर नसते, म्हणून मी गप्प बसतो. बसायला नको, हेही कळतं.

टाचणी

आता मुख्य प्रश्नाचं उत्तर देते. मी सोडलं.

मुलांमुळे नाही सोडलं. मुलांसोबतचे तास हे त्या नोकरीतले सगळ्यात बरे तास होते. सोडलं ते एका प्रकारच्या दिवसांमुळे. मला स्पष्ट दिसतंय की हे मूल आज त्या घरात परत जायला नको. मी तसं लिहिलंय. जागा नाही, सही करणारे साहेब दौऱ्यावर, न्यायालयाची तारीख पुढची. मग मीच त्याला सोडायला जायचं. दारात ते मूल माझ्याकडे वळूनही बघत नाही, कारण त्याला आधीपासूनच माहीत असतं.

परिचारिकांचा अभ्यास करताना अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये याला 'मॉरल डिस्ट्रेस' म्हटलं : योग्य काय ते माहीत आहे, पण व्यवस्था ते करू देत नाही. हे वाचलं त्या दिवशी मला हायसं वाटलं. तोवर मी स्वतःला नाजूक समजत होते.

दुसरं कारण, दोषाची भीती. इंग्लंडमध्ये २००० साली व्हिक्टोरिया क्लिम्बी ही आठ वर्षांची मुलगी घरातल्या छळाने गेली. तिच्यावरचा लॉर्ड लेमिंग यांचा २००३ चा अहवाल मी पूर्ण वाचलाय. तिची केस बघणाऱ्या कार्यकर्तीकडे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त केसेस होत्या, तिच्या कामावर देखरेख धड नव्हती, आणि अहवालाने वरिष्ठांची जबाबदारी स्पष्ट सांगितली. पण पेपरांनी धारेवर कुणाला धरलं? शेवटच्या पायरीवरच्यांनाच. हे एकदा डोक्यात बसलं की माणूस मुलासाठी लिहीत नाही, चौकशी समितीसाठी लिहायला लागतो.

गणित_कच्चं

टाचणी, याला जोडून : तिथेच २०११ मध्ये प्रा. आयलीन मन्रो यांनी सरकारला दिलेल्या अहवालात हेच मांडलं होतं. प्रत्येक दुर्घटनेनंतर नवे नियम, नवे फॉर्म. शेवटी कामाचा वेळ मुलाऐवजी कागदात जायला लागला.

निवांतराव

फक्त एक शंका. त्या फॉर्ममध्ये "फॉर्म भरायला लागलेला वेळ" असा रकाना असतो का?

रात्रपाळी

असतो! तो भरायला वेगळा वेळ लागतो.

सहचर

मी या क्षेत्रातल्या बाईंचा नवरा. घरच्यांची बाजू कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

लग्नानंतर पहिली काही वर्षं मी खोदून खोदून विचारायचो, "काय झालं ते सांग तरी." वाटायचं, बोलली की मोकळी होईल. ती सांगू शकत नाही, कायद्यानेही आणि मनानेही, हे मला उशिरा कळलं. आता आमच्यात ठरलंय. ती आल्यावर एवढंच म्हणते, "आज जड आहे." मग मी पोरांचा अभ्यास घेतो, ती अंघोळीला जाते, आणि त्या रात्री पाहुणे, हिशेब, सासर-माहेर असले विषय बंद.

पण एक गोष्ट मला अजून जमलेली नाही. आमच्या मुलांना ती कुणाकडेही रात्री राहू देत नाही. सख्ख्या नातेवाइकांकडेही नाही. क्लासचे सर प्रेमळ आहेत म्हटलं की तिचा चेहरा बदलतो. मी म्हणतो, सगळं जग तसं नसतं. ती म्हणते, "मला आकडेवारी माहीत आहे, तुला नाही." आता यात कोण बरोबर?

गणित_कच्चं

दोघंही, आणि म्हणूनच अवघड आहे. मॅककॅन आणि पर्लमन यांनी १९९० मध्ये हेच वर्णन केलं होतं : या कामामुळे सुरक्षितता, विश्वास, जवळीक याबद्दलच्या माणसाच्या मूळ धारणाच सरकतात. तिला धोका दिसतो तो खरा असतो, फक्त तो सगळीकडे दिसायला लागतो. तुम्ही वाद जिंकायला जाऊ नका. नियम मात्र दोघांनी मिळून ठरवा, म्हणजे मुलांना त्यामागची भीती कळण्याऐवजी नियम कळतील. झोप, चिडचिड, टाळाटाळ यांचाही त्रास असेल तर तिने जाणकाराला एकदा भेटावं.

पिंपळपान

सगळे प्रतिसाद वाचले. मी दुसऱ्या बाजूचा. संस्थेत वाढलो. लिहू की नको यात दोन दिवस गेले.

तुमच्या थकव्याबद्दल मला राग नाही. पण एक सांगू का, तुमचा राजीनामा ही आमच्यासाठीही घटना असते. माझी फाइल किती जणांकडून किती जणांकडे गेली ते मला आठवत नाही. प्रत्येक नवी व्यक्ती गोड आवाजात म्हणायची, "मला सगळं पहिल्यापासून सांग." फाइलमध्ये होतं की हो! वाचा ना. मग मी लांबड नको म्हणून खोटंच सांगायला लागलो, आणि तेही फाइलमध्ये गेलं.

एक ताई माझ्यासाठी खूप रडायच्या. मला त्यांनाच सांभाळावं लागायचं, मला भीती वाटायची की माझं ऐकून यांना काहीतरी होईल. दुसऱ्या एक बाई होत्या, त्या कधी जवळ घ्यायच्या नाहीत, आवाज एकसुरी. निघताना माझ्यासमोर डायरीत लिहायच्या, "शनिवार, अकरा." आणि शनिवारी अकराला गेटवर दिसायच्या. येता आलं नाही तर फोन यायचा, कारणासकट. माझा विश्वास बसला तो त्यांच्यावर. त्यामुळे आडवाटताई, स्टेपलरवाल्या ताईंना लगेच मोडीत काढू नका.

आणि त्या बाईंनी नोकरी सोडली तेव्हा त्या सांगायला आल्या. नव्या माणसाला सोबत घेऊन. म्हणाल्या, मी जातेय, तुझ्यामुळे नाही. "तुझ्यामुळे नाही" हे वाक्य बाकी कुणीच म्हटलं नव्हतं. बाकीचे बदली, रजा, आजारपण असे गायब झाले. लहान मुलाला त्याचा एकच अर्थ लागतो.

जाऊ नका असं म्हणत नाही. सांगून जा.

टाचणी

पिंपळपान, मी सांगून गेले नव्हते. नोटिशीचे दिवस रजेत जिरवले. त्यापलीकडे लिहायला काही नाही.

मधली_सुट्टी

+१ पिंपळपान. हा प्रतिसाद आमच्या स्टाफरूममध्ये वाचून दाखवला तर चालेल का? नाव न सांगता.

पिंपळपान

चालेल. आयडीही सांगू नका.

आडवाट

सगळ्यांचे आभार. मधले दोन आठवडे इथे आले नाही कारण धावपळ होती, पण वाचत होते.

गणित_कच्चं यांचं ऐकून त्या मुलीला विचारलं. केबिनमध्ये न बोलावता गृहभेटीहून परतताना गाडीतच. ती नवी केस तिला जड जातच नव्हती. "मॅडम, काय करायचं ते मला माहीत होतं, म्हणून आवाज शांत होता." जड जात होती वेगळीच केस : मध्येच दुसऱ्या टीमकडे वर्ग केलेली. केस वर्ग करणारी मीच, आणि तिला पुढचं काहीच कळलेलं नाही. म्हणजे रात्रपाळी म्हणतात तेच. मी धास्तावले होते ते भलत्याच गोष्टीने.

तर वरच्यांची परवानगी लागणार नाही अशा काही गोष्टी सुरू करतेय.

दर महिन्याच्या आढावा बैठकीचे दोन तुकडे केले. एकीत फक्त फाइली : किती, कुठे अडकल्या. दुसरीत फाइल आणायचीच नाही, फक्त माणूस. आत्तापर्यंत दोन्ही एकत्र असायचं आणि वेळ नेहमी फाइलीच खायच्या. ज्याला मूल घरातून काढून आणावं लागलंय त्याला लगोलग नवी केस नाही. वर्ग झालेल्या केसची एक ओळ जुन्या माणसाला कळवायची. आणि टाचणी, तुम्ही म्हणता तसं मूल परत सोडायची वेळ आली तर त्या कागदावर कार्यकर्त्याचं लेखी मत आणि न ऐकण्याचं कारण, दोन्ही राहील, खाली माझी सही. त्याने मूल वाचेलच असं नाही. पण तो भार एकटीवर राहणार नाही.

राहता राहिला पिंपळपान यांचा मुद्दा. नोकरी सोडणाऱ्याच्या शेवटच्या आठवड्यांत निरोपाच्या भेटी हे अधिकृत काम धरायचं, नव्या माणसाला सोबत घेऊन. नव्याने फाइल आधी वाचलेली असली पाहिजे. एक राजीनामा आत्ताच टेबलावर आहे, सुरुवात तिथूनच.

हेडक्लार्क, बोजाचं मात्र माझ्या हातात नाही. तिथे तुमच्यासारख्यांनी तोंड उघडायला हवं.

हेडक्लार्क

केस कोणत्या मर्यादेपलीकडे घेणार नाही ते लेखी कळवा, तोंडी नको. लेखी आलं की मला ते वर पाठवावंच लागतं, आणि मग मीही मोकळेपणाने बोलू शकतो. "मर्यादा ओलांडून दिलेल्या केसेस" अशी वेगळी यादी दरमहा जोडा.

सूर्यफूल

आडवाटताई, दुसऱ्या बैठकीसाठी काही प्रश्नावली वापरता का?

गणित_कच्चं

बेथ स्टॅम यांची प्रोक्यूओएल बघा. तीस प्रश्न, गेल्या तीस दिवसांबद्दलचे, आणि फुकट आहे. बर्नआउट आणि दुय्यम आघात वेगवेगळे दाखवते, शिवाय कामातून मिळणारं समाधानही मोजते. ते निदान नव्हे. आणि उत्तरं ज्याची त्याच्याकडेच राहू द्या, साहेबांच्या कपाटात गेली की पुढच्या वेळी सगळे मजेत असतात.

रात्रपाळी

आडवाट, एक व्यावहारिक शंका. निरोपाच्या भेटीची नोंद कुठल्या रकान्यात करणार? आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तसला प्रकारच नाही. नोंद नसेल तर प्रवासखर्चही मिळणार नाही.

हेडक्लार्क

सध्या 'इतर' मध्ये टाका. सगळ्यांनी टाका. तिमाही आढाव्यात 'इतर' फुगलेलं दिसलं की वरून विचारणा येतेच, तेव्हा वेगळा रकाना मागू. अर्जाचा मसुदा मी देतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.